सरखेल कान्होजी आंग्रे आणि त्याचे सहा पुत्र

खानदेशात आखाजीच्या दिवशी घरोघर पितरांच्या नावाने घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्यात गार पाणी, तोंडावर लहानसे मडके, आणि त्यापुढे डांगर, आंबा व सांजोऱ्या ठेवून घरातील कर्ता पुरुष गेलेल्या वडिलांचे व आजोबांचे नाव घेतो. वैशाखाच्या त्या उन्हात पांझरेचे पात्र वाळूने पांढरे पडलेले असते. अशा वेळी पितरांस द्यावयास पाण्याहून मोलाचे दुसरे काय असणार! काही वर्षांपूर्वी अशाच एका आखाजीस आम्ही धुळ्यास एका स्नेह्याच्या घरी गेलो होतो. त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी निवर्तले होते. ज्या खेड्यात त्यांच्या आधी कोणी समुद्र पाहिलेला नव्हता, त्या खेड्यातून ते तरुणपणी भारतीय नौदलात खलाशी म्हणून गेले. पंधरा वर्षे नोकरी करून परत आले, आणि पुढील सारे आयुष्य त्यांनी मुलांच्या शिक्षणापायी वेचले. नोकरीत असता बंदरोबंदरीहून ते घरी पत्रे धाडीत, आणि प्रत्येक पत्रात मुलांचे गुण विचारल्यावाचून राहत नसत. घागर भरून झाल्यावर स्नेह्याने पत्र्याची पेटी काढून वडिलांचे कागद आम्हांस दाखविले. त्यांतील एका कागदावर ‘आय. एन. एस. आंग्रे’ असा शिक्का होता. जवळच उभ्या असलेल्या त्याच्या दहा वर्षांच्या मुलाने विचारले, “हा आंग्रे कोण होता? आणि त्याला मुले होती का?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही चटकन दिले. दुसऱ्यापाशी मात्र अडखळलो. आंग्र्याला सहा मुले होती. परंतु त्यांची कथा दहा वर्षांच्या मुलास, तीही वाडवडिलांची घागर समोर असता, कशी सांगावी? त्या दिवशी आम्ही विषय बदलला. पण प्रश्न मनातून गेला नाही. कान्होजी आंग्रे म्हटला की त्याच्या लढाया, त्याची गलबते आणि इंग्रजांची उडालेली तारांबळ एवढेच आपण वाचतो. बाप म्हणून त्याने काय केले, व त्याच्यामागे त्याच्या घराचे व आरमाराचे जे झाले त्यात त्याचा दोष किती, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. तोच येथे यथामति मांडावयाचा आहे.

आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल की, जळगाव-धुळ्याच्या माणसास आंग्र्याचे काय? येथून समुद्र दिसत नाही हे खरे. तथापि ज्या काळाविषयी आम्ही लिहीत आहो त्या काळी खानदेश समुद्रापासून आजच्याइतका दूर नव्हता. बऱ्हाणपुराहून सुरतेस जाणारा मोठा व्यापारी रस्ता याच मुलखातून जात असे, आणि धरणगावच्या कापडासाठी इंग्रजांनी तेथे वखार घातली होती. शिवाजी महाराजांच्या फौजेने १६७५ साली धरणगाव लुटले, ते तेथे लुटण्याजोगे काही होते म्हणूनच. हा माल बैलांच्या पाठीवरून सुरतेस जाई, आणि तेथून गलबतांत चढे. पुढे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात खंडेराव दाभाड्याने याच सुरत-बऱ्हाणपूर रस्त्यावर ठाणी बसविली व जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर चौथाई मागण्यास आरंभ केला. दक्षिणेचा सुभेदार सय्यद हुसेन अली याने त्यावर फौज पाठविली, तिचा दाभाड्याने फडशा पाडला. नेमक्या याच वर्षांत सह्याद्रीच्या पलीकडे कान्होजी आंग्रे दर्यावर हेच करीत होता. त्याचा दस्तक घ्यावा व निर्धास्त जावे. न घ्यावा तर तारू गमावण्याची तयारी ठेवावी. एकाने वाट धरली, दुसऱ्याने पाणी धरले. न्याय एकच होता. इंग्रज ग्रंथकार पहिल्यास सेनापती म्हणतात व दुसऱ्यास चाचा म्हणतात, याचे कारण एवढेच की दुसऱ्याने त्यांची स्वतःची जहाजे धरली.

या दोन पुरुषांत आणखी एक साम्य आहे, आणि तेच आमच्या विषयाच्या मुळाशी जाते. दोघेही १७२९ साली मरण पावले. कान्होजी जुलैत, खंडेराव सप्टेंबरात. आणि दोघांच्याही घरांवर त्यानंतर थोड्याच वर्षांत भयंकर प्रसंग आले.

आंग्र्यांचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव पडले. कान्होजीचा बाप तुकोजी हा शिवाजी महाराजांच्या पदरी होता व सुवर्णदुर्गावर त्याची चाकरी झाली. म्हणजे ज्या मुलाने पुढे साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर आपली जरब बसविली, तो चोहोंकडून पाण्याने वेढलेल्या किल्ल्यावर वाढला. देशावरचा मुलगा घोड्यावर बसावयास शिकतो त्या वयात हा मुलगा भरती-ओहोटी ओळखावयास, शीड उभारावयास व वाऱ्याची दिशा अंगावर घेऊन जाणावयास शिकला असला पाहिजे. हरणैच्या बाजूस कोळी, भंडारी, खारवी यांची वस्ती. त्यांच्या तांडेलांच्या तोंडची भाषा त्याच्या कानी लहानपणापासून पडली. परंपरा असे सांगते की, संभाजी महाराजांच्या वधानंतरच्या धामधुमीत सुवर्णदुर्गाचा किल्लेदार शत्रूस किल्ला देण्याच्या बेतात आहे असे कळताच तरुण कान्होजीने त्यासच कैद केले आणि किल्ला स्वतः लढविला. या गोष्टीचा तपशील सांगणारे बहुतेक लोक पुढील काळातले आहेत, तेव्हा तो शब्दशः घ्यावा असा आमचा आग्रह नाही. परंतु सिद्दीच्या वेढ्यातून सुवर्णदुर्ग वाचला, आणि तुकोजीचा मुलगा त्यानंतर झपाट्याने वर चढला, ही गोष्ट निःसंशय आहे. सिधोजी गुजराच्या मृत्यूनंतर, १६९८ च्या सुमारास, मराठ्यांच्या आरमाराचे आधिपत्य त्याच्याकडे आले व ‘सरखेल’ ही पदवी त्याच्या नावास लागली.

पुढच्या तीस वर्षांचा वृत्तांत सर्वांस ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा कान्होजी ताराबाईंच्या पक्षास होता. त्याच्यावर चालून गेलेला पेशवा बहिरोपंत पिंगळे उलट त्याच्याच कैदेत पडला. ही गाठ सोडविण्यास बाळाजी विश्वनाथास पेशवाईची वस्त्रे देऊन पाठवावे लागले. बाळाजी मूळचा श्रीवर्धनचा. कोकणच्या माणसाने कोकणच्या माणसाशी बोलणे लाविले आणि १७१४ च्या आरंभी तह झाला. त्या तहाने कान्होजीस दहा मोठे किल्ले व सोळा लहान ठाणी मिळाली, सरखेली कायम झाली, आणि त्याने शाहू महाराजांचे स्वामित्व मान्य केले. हा तह मराठ्यांच्या इतिहासातील एक चतुर तह म्हणून वाखाणला जातो व तसा तो होताही. पण त्यातच पुढच्या अनर्थाचे बीज कसे पेरले गेले, हे पुढे येईल.

इंग्रजांशी त्याचे वैर वाढत गेले. १७१२ साली मुंबईच्या गव्हर्नराचे स्वतःचे जहाजच त्याच्या हाती लागले. पुढे बून हा गव्हर्नर झाला व आंग्र्याचा नायनाट करावयाचा असा त्याने विडा उचलला. मुंबईभोवती तट बांधणारा हा मोठा उद्योगी मनुष्य. परंतु विजयदुर्गावर, खांदेरीवर, पुन्हा विजयदुर्गावर, अशा एकामागून एक त्याच्या मोहिमा फसल्या. १७२० च्या मोहिमेसाठी तर पाण्यावर तरंगणारा एक तोफांचा तराफा मुद्दाम बांधला होता. त्याचाही उपयोग झाला नाही. शेवटी १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून, इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील कमोडोर मॅथ्यूज यास बरोबर घेऊन, सुमारे सहा हजार माणसांनिशी कुलाब्यावर चाल केली. शाहू महाराजांकडून मदतीस फौज आली, आणि दोघा दोस्तांची त्रेधा उडून पोर्तुगिजांनी परभारे तह करून टाकला. १७२४ साली डचांनी विजयदुर्गावर आपले नशीब अजमावून पाहिले, तेही तसेच परतले. युरोपातील तीन दर्यावर्दी राष्ट्रे, आणि समोर गुराबा व गलबते यांचे ते आरमार! गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांची, उथळ पाण्यात चालणारी नाव. गलबत त्याहून हलके, वारा पडला की वल्ह्यांवर चालणारे. खोल समुद्रात ही तारवे मोठ्या जहाजापुढे टिकावयाची नाहीत, हे कान्होजी पुरते जाणून होता. म्हणून तो लढाई खाडीच्या तोंडाशी, किल्ल्याच्या तोफांच्या आडोशाने, वारा पडलेल्या वेळी देई. शत्रूची मोठी शिडे लोंबकळत राहत आणि याची वल्ही चालत.

आता घराकडे वळू. दर्यावर्दी माणसाच्या संसाराचे वर्ष देशावरच्या वर्षाहून निराळे असते. आमच्याकडे आखाजी झाली की शेतकऱ्याचे वर्ष सुरू होते. किनाऱ्यावर त्याच सुमारास दर्यावर्दीचे वर्ष संपते. पाऊस लागण्यापूर्वी तारवे खाडीत ओढून, शाकारून ठेवतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद असतो. आठ महिने जो बाप घरास पाहुणा, तो चार महिने घरातच असतो. मुले बापाजवळ वाढतात ती या चार महिन्यांत. कान्होजीने अलिबागेस वस्ती वाढविली, तेथे हिराकोट बांधला, आपल्या नावाचा रुपया पाडला. कुलाब्याच्या किल्ल्यात त्याचे घर होते. याच घरी वेगवेगळ्या मातांच्या पोटी झालेले त्याचे सहा पुत्र वाढले: सेखोजी, संभाजी, माणाजी, तुळाजी, येसाजी आणि धोंडजी. बापाने त्यांस काय शिकविले याची साक्ष त्यांच्या पुढील आयुष्यातच आहे. या सहांपैकी चौघांनी पुढे आरमारे चालविली, आणि त्यांतला एकही दर्यास भ्याला नाही. तुकोजीने आपल्या मुलास जे दिले, ते कान्होजीने आपल्या मुलांस पदरचे भर घालून दिले. बापाची निष्ठा शिकवण्याने मोजावयाची असेल, तर या बापास उणे ठेवावयास जागा नाही.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारला. आषाढाचे दिवस, समुद्र बंद, तारवे शाकारलेली. म्हणजे तो गेला तो मुले घरी असण्याच्या दिवसांत गेला. अलिबागेस त्याची समाधी आहे.

थोरला सेखोजी सरखेल झाला, आणि चार वर्षे घर एकत्र राहिले. सेखोजी बापाचा मुलगा शोभे असा होता. १७३३ साली बाजीरावाने जंजिऱ्याच्या सिद्दीवर मोहीम धरली, तेव्हा दर्याची बाजू त्याने सांभाळली. परंतु या मोहिमेत आंग्रे, पेशवे व प्रतिनिधी यांची तोंडे तीन दिशांस होती. रायगड हाती आला, जंजिरा आला नाही. आणि मोहीम अर्धी असतानाच, त्या वर्षाच्या ऑगस्टात, सेखोजी मरण पावला. येथून पुढचा भाग सांगावयास आम्ही त्या मुलापुढे धजलो नाही.

संभाजी सरखेल झाला. तो विजयदुर्गाच्या बाजूस असता कुलाबा धाकट्या भावांच्या हाती राहिला, आणि माणाजीचे व त्यांचे बिनसले. माणाजीने पोर्तुगिजांची, म्हणजे ज्यांच्याशी बाप जन्मभर लढला त्यांची, मदत आणली, कुलाब्याच्या तटास शिड्या लावून किल्ला घेतला, आणि येसाजीचे डोळे काढविले. ज्या किल्ल्यापुढून मॅथ्यूज परत गेला होता, त्या किल्ल्यात भावानेच शिडी लावली! कान्होजीस जाऊन सहा वर्षेही झाली नव्हती. १७३५ साली बाजीराव स्वतः कुलाब्यास आला आणि त्याने वाटणी करून दिली: माणाजीस ‘वजारतमाब’ ही नवी पदवी व कुलाबा, संभाजीस सरखेली व दक्षिणेकडील किल्ले. मध्यस्थीबद्दल राजमाची व कोथळा हे दोन किल्ले माणाजीकडून पेशव्यास मिळाले. भावाभावांच्या तंट्यातील पंचाने मेहनताना घ्यावयाचा हा प्रकार आमच्या मुलखासही अपरिचित नाही.

वाटणीने तंटा मिटला नाही. १७४० च्या वसंतात संभाजी कुलाब्यावर चालून आला. माणाजीने पेशव्यास हाक मारली. आणि चिमाजी अप्पा व बाजीरावाचा थोरला मुलगा नानासाहेब हे दोघे त्याच्या मदतीस कोकणात उतरले. इंग्रजांची जहाजेही माणाजीच्या बाजूने आली. हे चालू असता सातपुड्याच्या उत्तरेस, नर्मदेच्या काठी रावेरखेडी येथे, वैशाख शुद्ध त्रयोदशीस बाजीराव वारला. त्या वर्षीच्या आखाजीस उणेपुरे दहा दिवस झाले होते. चाळीस वर्षांचा बाप परमुलखात ज्वराने जातो, आणि त्याचा मुलगा कोठे असतो? तर दुसऱ्याच्या मुलांचे भांडण तोडावयास कुलाब्याच्या वाळूत! आंग्र्यांच्या भाऊबंदकीची किंमत कोणकोणत्या घरांनी दिली हे पाहू लागले की ही एक गोष्ट आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आता दोष कोणाचा? एक मत असे आहे की कान्होजीनेच मुलांस धाकात वाढविले, एकोप्यात नव्हे; अनेक बायकांचा संसार, त्यातून सावत्रपणा, त्यातून वैर. हे मत आम्हांस पटत नाही. अनेक बायका त्या काळच्या प्रत्येक सरदारास होत्या, आणि येसाजीचे डोळे काही प्रत्येक घरी गेले नाहीत. शिवाय चार वर्षे, सेखोजी असेतो, ही मुले एकत्र राहिली, हे त्या मताविरुद्ध मोठे प्रमाण आहे. दुसरे मत पेशव्यांकडे बोट दाखविते: बाजीरावाने मुद्दाम घर फोडले. दाभाड्यांचे उदाहरण येथे पुढे करण्यात येते. खंडेरावाचा मुलगा त्रिंबकराव हा १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या रणात बाजीरावाशीच लढताना पडला; म्हणजे बाप गेल्यावर दीड वर्षाने. खानदेश-गुजरातेतला सेनापती असा गेला, कोकणातला सरखेल तसा वाटला गेला. दोन्ही ठिकाणी लाभ पेशव्यांचाच झाला. या मतात तथ्य आहे, पण पुरते नाही. माणाजीने कुलाब्यास शिडी लावली ती पेशव्याच्या सांगण्यावरून नव्हे.

आमचे मत थोडे निराळे आहे, आणि ते मांडण्यास पांझरेच्या काठचा एक दाखला घेतो. धुळे जिल्ह्यात जुन्या काळापासून फडाची पद्धत आहे. नदीवर बंधारा घालून पाट काढतात आणि पाटाखालची जमीन फडांत वाटतात. फडातील शेते ज्याची त्याची असतात. बापामागे भाऊ ती वाटून घेतात, बांध घालतात, वेळी कोर्टातही जातात. पण पाटाचे पाणी कोणाचेच नसते. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे, आणि पाणी पाटकऱ्याने द्यावयाचे. जमिनीचा मालक स्वतःच्या हाताने बारे फोडू शकत नाही. जमीन वाटली तरी चालते, पाणी वाटले की बंधारा फुटतो, हे येथील शेतकरी न शिकता जाणतो.

कान्होजीच्या मागे जे राहिले त्यात किल्ले, गावे, खजिना हे शेतासारखे होते. आरमार हे पाटाच्या पाण्यासारखे होते. पण १७१४ च्या तहाने ते सारे एकाच वतनाच्या दफ्तरात बांधले गेले. गुराब बांधावयास लाकूड, दोर, शिडे, तोफा, खलाशांचा मुशाहिरा, सारे काही त्याच दहा किल्ल्यांच्या व दस्तकांच्या उत्पन्नातून. सरखेली ही राज्याची नोकरी न राहता घराची मिळकत झाली. आणि मिळकत म्हटली की बाप गेल्यावर वाटणी आलीच. त्याच काळात कोल्हापूरच्या बाजूस रामचंद्रपंत अमात्याच्या आज्ञापत्रात आरमाराचे एक स्वतंत्र प्रकरण लिहिले गेले आहे. त्यात आरमाराचे सुभे करावे, एकेका सुभ्यास पाच गुराबा व पंधरा गलबते असावी, आणि त्यांचा खर्च मुलखातून नेमून द्यावा, दर्यावरील पैदास्तीवर सोडू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. पावसाळ्यात तारवे कोठे व कशी ओढावी येथपर्यंत त्या लेखकाची दृष्टी पोचली होती. म्हणजे हा विचार कोणास सुचला नव्हता असे नाही. सुचला होता, आणि ज्याच्यापाशी विचार होता त्याच्यापाशी आरमार नव्हते, ज्याच्यापाशी आरमार होते त्याने विचार केला नाही. बाप म्हणून कान्होजी चुकला असेल तर एवढ्यातच, की मुलांस त्याने जे सर्वांत मोलाचे दिले ते त्यांच्या एकट्यांचे नव्हते. आणि ही चूकही त्याची एकट्याची म्हणवत नाही. कारण ज्या राज्याने त्यास आरमार वतन म्हणून लिहून दिले, त्या राज्यास तरी ते कोठे कळले होते?

पुढचे लवकर आटपतो, कारण ते सांगताना लेखणी जड होते. संभाजी १७४२ च्या सुमारास गेला. तुळाजी विजयदुर्गी बसला. शौर्यात तो बापास सर्वांत जवळचा आणि मनाने सर्वांत एकटा. इंग्रज, डच, पेशवे, भाऊ, कोणाशीच त्याचे जमले नाही. १७५५ साली नानासाहेब पेशव्याने इंग्रजांशी करार केला. त्या वर्षीच्या एप्रिलात कमोडोर जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. तोच सुवर्णदुर्ग, जेथे तुकोजीने चाकरी केली व कान्होजी वाढला. पुढल्या फेब्रुवारीत वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. खाडीत आंग्र्यांचे आरमार एकाशी एक बांधून उभे होते. त्यात काही वर्षांपूर्वी तुळाजीने इंग्रजांपासून धरलेले ‘रेस्टोरेशन’ नावाचे जहाजही होते. इंग्रजांचा एक गोळा त्या जहाजावर पडला, ते पेटले, आणि त्याच्या आगीने साऱ्या गुराबा व गलबते एका दिवसात जळाली. तुळाजी पेशव्यांच्या स्वाधीन झाला आणि उरलेले आयुष्य त्याने कैदेत काढले. जे नानासाहेब पंधरा वर्षांपूर्वी बाप गेल्याची वार्ता येई त्या वेळी आंग्र्यांच्या घराचा तंटा तोडीत होते, त्यांच्याच राज्यात हे घडले. मराठ्यांचे आरमार जाळावयास मराठ्यांनीच इंग्रजास बोलाविले, असे आपण म्हणतो. त्याच्या आधी वीस वर्षे माणाजीने पोर्तुगिजांस बोलाविले होते, हेही लक्षात असू द्यावे. कुलाब्याची माणाजीची शाखा मात्र टिकली. त्याचा मुलगा रघूजी याने मुलूख चांगला राखला अशी त्याची ख्याती आहे. १८४० साली औरस वारस नाही या सबबीवर इंग्रजांनी कुलाबा संस्थान खालसा केले.

मुंबईतील नौदलाच्या किनाऱ्यावरील एका ठाण्यास इंग्रजी अमदानीत डलहौसीचे नाव होते. वारस नाही म्हणून संस्थाने खालसा करण्याचे धोरण ज्याच्या नावाने ओळखले जाते, तोच हा डलहौसी. १९५१ साली भारतीय नौदलाने ते नाव काढून तेथे आंग्रे हे नाव दिले. ज्या घराचे आरमार वाटणीने गेले व राज्य वारसावाचून गेले, त्याचे नाव आता अशा आरमारास लागले आहे की जे कोणाच्या मुलास वारसाने मिळत नाही. त्यात धुळ्याच्या खेड्यातला मुलगा परीक्षा देऊन खलाशी होतो, पंधरा वर्षांनी गणवेश उतरवून ठेवतो, आणि तारू दुसऱ्याच्या मुलाकडे जाते. खांदेरी बेटासही आता कान्होजीचे नाव आहे व रात्री त्यावर दीपगृहाचा दिवा दिसतो.

यंदा आखाजीस आम्ही पुन्हा त्या स्नेह्याकडे गेलो. मुलगा आता पुष्कळ मोठा झाला आहे. त्याने प्रश्न विसरला नव्हता, तेव्हा या वेळी आम्ही सारे सांगितले. शिडी, येसाजीचे डोळे, विजयदुर्गाची आग, काही वगळले नाही. त्याने ऐकून घेतले. मग पेटीतले आजोबांचे कागद बाहेर काढले आणि आम्हांस विचारले की, यांचे तो व त्याची बहीण यांच्यात काय करावयाचे? एकाने शिक्क्याचा कागद घ्यावा व दुसऱ्याने पत्रे घ्यावी, असे तिचे म्हणणे होते. आम्ही काही बोलण्यापूर्वीच आतून त्याच्या आजीने हाक मारून सांगितले की पेटी जशी आहे तशी फळीवर ठेवा, घागरीचे पाणी आधी तुळशीला घाला.